इयादत दात्याचीही करा
लिव्हरचा तुकडा देणाऱ्याची सुरक्षितता आणि घरी आल्यानंतरचे महिने

ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पात, पायली पाड्यात किंवा कोळीवाड्याच्या गल्ल्यांत कुणी आजारी असल्याचे कळले की शेजारपाजार इयादतीला जातो. हातात फळांची पिशवी, तोंडी दुआ. ही चांगली रीत अजून टिकून आहे. पण ज्या घरात लिव्हरचे प्रत्यारोपण झाले, त्या घरी येणारे बहुतेकजण एकाच माणसाची चौकशी करतात. भाईजान कसे आहेत? नवे लिव्हर लागले का? ज्या बायकोने, मुलाने किंवा बहिणीने आपल्या लिव्हरचा मोठा तुकडा काढून दिला, तीही त्याच घरात पोटाला पट्टा बांधून पडलेली असते. तिच्याबद्दल मात्र म्हटले जाते, "ती तर धडधाकट आहे, दोन दिवसांत कामाला लागेल."

आपल्या बोलीत लाडक्या लेकराला आपण जिगरचा तुकडा म्हणतो. जिगर म्हणजे लिव्हर, मराठीत यकृत. हा तुकडा खरोखरच काढून देणाऱ्याचे पुढे काय होते, त्याला किती धोका असतो आणि घरच्यांनी त्याच्यासाठी काय करायला हवे, हे या लेखात आम्ही मांडणार आहोत. आमचे सांगणे एवढेच आहे की प्रत्यारोपणाच्या घरात पेशंट दोन असतात आणि दोघांची व्यवस्था आधीपासून व्हायला हवी.

तुकडा वाढतो कसा?

लिव्हर हा आपल्या पोटातला सर्वांत मोठा अवयव आहे. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो असते. कापून काढल्यावर उरलेला भाग पुन्हा वाढतो, ही अल्लाहची या अवयवाला मिळालेली खास देणगी. कापलेला भाग जसाच्या तसा उगवत नाही. राहिलेला भागच फुगत जाऊन गरजेपुरता मोठा होतो. पहिल्या काही आठवड्यांत ही वाढ झपाट्याने होते, तीन महिन्यांत लिव्हर बरेचसे मूळ आकाराजवळ येते आणि पुढे वर्षभर हळूहळू भरत राहते.

मोठ्या माणसाला लिव्हर द्यायचे असेल तर बहुधा उजवा भाग काढतात. तो एकूण लिव्हरच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. दात्याच्या पोटात निदान तीस ते पस्तीस टक्के निरोगी लिव्हर उरलेच पाहिजे, हा डॉक्टरांचा पहिला नियम. लहान बाळासाठी डावीकडचा छोटा भाग पुरतो, म्हणून आई किंवा वडिलांना त्यात धोका कमी असतो. भारतात असे पहिले यशस्वी बाल-प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झाले. वडिलांनी वीस महिन्यांच्या मुलाला लिव्हरचा तुकडा दिला. तो मुलगा पुढे शिकून स्वतः डॉक्टर झाला.

आपल्या देशात लिव्हरची बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या भरवशावरच होतात. मरणोत्तर अवयवदान कमी होते, मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडची प्रतीक्षायादी लांब असते आणि लिव्हरच्या पेशंटकडे तेवढा वेळ नसतो. मग नजर घरातल्या माणसांकडे वळते.

धोका किती?

याचे उत्तर घरच्यांनी कानावर हात न ठेवता ऐकले पाहिजे. २०१३ मध्ये जगातल्या ७१ केंद्रांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ११,५५३ जिवंत दात्यांपैकी २३ जण दगावले होते, म्हणजे हजारात दोन. साधारण चौघांतल्या एका दात्याला काही ना काही गुंतागुंत झाली. उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात बारीकसारीक तक्रारीही मोजल्या, तेव्हा हे प्रमाण शंभरात चाळीस निघाले. त्यांतले ९५ टक्के त्रास वर्षभरात दूर झाले, हा त्यातला दिलासा.

हे त्रास कोणते? कापलेल्या जागेतून पित्त झिरपणे, रक्तस्राव, जखमेत किंवा छातीत संसर्ग, फुप्फुसाभोवती पाणी, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पित्तनळी आकसणे आणि काही महिन्यांनी टाक्यांच्या जागी हर्निया. टाक्यांभोवतीची बधिरता तर अनेकांना कित्येक महिने राहते.

हजारात दोन हा आकडा लहान वाटतो. पण तो ज्या घरावर येतो त्या घरासाठी तो आकडा राहत नाही. जानेवारी २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भावाला लिव्हर देणारा एक पत्रकार शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी वारला. त्या रुग्णालयातली अशी प्रत्यारोपणे थांबवली गेली आणि पुढे न्यूयॉर्क राज्याने दात्याच्या देखरेखीचे कडक नियम केले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात एका पत्नीने पतीला लिव्हर दिले. शस्त्रक्रियेनंतर पती दगावला आणि आठवडाभरात पत्नीही गेली. तिची प्रकृती आधी सुधारत होती, नंतर संसर्ग रक्तात पसरून अवयव निकामी झाले, असे रुग्णालयाने सांगितले. राज्याच्या आरोग्य विभागाने नोटीस काढून सगळी कागदपत्रे मागवली.

ही उदाहरणे आम्ही कुणाला घाबरवण्यासाठी देत नाही. बहुसंख्य दाते बरे होतात आणि पूर्वीसारखे जगतात. त्यांना पेशंटसारखी जन्मभर औषधेही घ्यावी लागत नाहीत. पण धोका माहीत असलेले घर पहिल्या तापालाच डॉक्टरकडे धावते. माहीत नसलेले घर "थकवा आहे, उतरेल" म्हणत दोन दिवस घालवते.

"नाही" म्हणण्याचा हक्क

दात्याची सुरक्षितता शस्त्रक्रियेच्या खूप आधी सुरू होते. वय अठराच्या वर हवे. बहुतेक केंद्रे पन्नास-पंचावन्नच्या पुढे जात नाहीत. रक्तगट जुळावा लागतो. कावीळ ब आणि क, एचआयव्ही, साखर, हृदय, फुप्फुसे यांची तपासणी होते. सीटी स्कॅनवर लिव्हरचे आकारमान आणि रक्तवाहिन्या पाहतात, एमआरआयवर पित्तनळ्या. लिव्हरवर चरबी असेल तर दाता नाकारला जातो किंवा वजन उतरवून परत बोलावला जातो. तंबाखू, मिश्री, सिगारेट आधीच सोडावी लागते. स्त्रिया गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

कायदा १९९४ चा आहे, त्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि नवे नियम २०१४ मध्ये आले. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. चुलतभाऊ, मेहुणा, सून, भाचा यांचे प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. पैशांची देवघेव झाली तर पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. नाते सिद्ध करताना आपल्याकडे नेहमी एक अडचण येते: निकाहनाम्यावर एक नाव, आधारवर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. हे आधीच दुरुस्त करून घ्या. ऐन वेळी दिवस मोलाचे असतात.

आता एक नाजूक गोष्ट. देशातल्या जिवंत अवयवदात्यांत दर पाचांत तिघी स्त्रिया आहेत. आईची माया आणि पत्नीची ओढ खरीच असते. पण "कमावता पुरुष कसा झोपवायचा?" हा हिशोबही घरात चालतो आणि बोट सुनेकडे किंवा बायकोकडे वळते. २०१४ च्या नियमांत दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती पेशंटखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी, असे स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरांशी एकटीने बोलायची संधी तिने मागून घ्यावी. शस्त्रक्रियेच्या खोलीत जाईपर्यंत नकार देता येतो. अशा वेळी अनेक केंद्रे घरच्यांना फक्त "दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढेच कळवतात, म्हणजे नकार देणाऱ्यावर ठपका येत नाही.

शरीअतची बाजू

हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येतोच. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने फेब्रुवारी १९८८ च्या ठरावात जिवंत माणसाच्या दानाबद्दल अटी घातल्या आहेत. ज्याच्यावाचून जीव जातो तो अवयव देऊ नये, देणारा जाणता आणि राजीखुशीने तयार असावा, आणि अवयव विकता येत नाही. आपल्या उपखंडातल्या काही उलेमांनी मात्र प्रत्यारोपणाला मान्यता दिलेली नाही. म्हणून ज्याला शंका आहे त्याने डॉक्टरांचे कागद घेऊन आपल्या विश्वासातल्या मुफ्तींकडे जावे. परवानगी देणाऱ्यांनीही दात्याच्या जिवाची काळजी ही अटच केली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घरी आल्यावर नमाजचा प्रश्न येतो. पोटावर ताण येईल असा रुकू-सज्दा पहिले काही आठवडे करू नये. खुर्चीवर बसून किंवा इशाऱ्याने नमाज होते. गुस्ल करताना पट्टी भिजवायची गरज नाही, वरून मसह करता येतो. रमजान मध्ये आला तर रोजे पुढे ढकलून नंतर कजा करण्याची सवलत आजाऱ्याला आहे. वाढत्या लिव्हरला पाणी आणि अन्न वेळेवर लागते, तेव्हा ही सवलत घेण्यात संकोच नको.

इस्पितळातले दिवस

ट्रॉम्बेत किंवा गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत नाही. परळ, मुलुंड, अंधेरी किंवा ठाणे गाठावे लागते. दात्याची शस्त्रक्रिया सहसा पाच ते आठ तास चालते. उजवा भाग काढताना पित्ताशयही काढतात. पहिले एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात, मग वॉर्डात. सगळे ठीक असेल तर आठ-दहा दिवसांत सुटी.

दुसऱ्या दिवसापासून दात्याला उठवून चालवतात. दुखते म्हणून तो टाळू पाहतो आणि घरचे "झोपू द्या बिचाऱ्याला" म्हणतात. पण चालण्याने पायात गुठळी होत नाही आणि आतडी लवकर सुरू होतात. तीन गोळ्यांचे श्वास ओढायचे यंत्र दिवसातून अनेकदा वापरले तर छातीत कफ साचत नाही. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी.

एक व्यवस्था आधीच ठरवा: पेशंटजवळ एक माणूस आणि दात्याजवळ दुसरा. दोन्ही खाटांची धावपळ एकाच माणसावर पडली तर तो बहुधा पेशंटच्या दाराशीच उभा राहतो.

छोट्या घरातले तीन महिने

इस्पितळाच्या सुटीच्या कागदावर लिहिलेले असते: जड उचलू नका, गर्दी टाळा, विश्रांती घ्या. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून वसवलेल्या चीता कॅम्पातल्या लहानशा खोलीत हे कसे पाळायचे?

*पाणी.* भरलेली कळशी पंधरा किलोच्या पुढे जाते. दात्याने पहिले सहा ते आठ आठवडे पाच किलोपेक्षा जास्त काही उचलायचे नाही आणि जड काम निदान तीन महिने करायचे नाही; नाहीतर हर्निया. लहान मूल कडेवर घेणेही यातच आले. पाणी कोण भरणार, हे शस्त्रक्रियेआधी ठरले पाहिजे.

*शिडी.* पोटमाळ्यावर झोपणाऱ्याची सोय तीन महिने खाली करा. उभी शिडी चढताना पोटाला हिसका बसतो.

*शौचालय.* खाली बसायचे शौचालय असेल तर खुर्चीसारखी बैठक विकत किंवा भाड्याने आणा. कुंथायला लागू नये म्हणून पाणी, फळे, भाज्या आणि डॉक्टरांनी दिलेले औषध चालू ठेवा.

*जेवण.* भूक कमी असते, म्हणून थोडे-थोडे पाच-सहा वेळा. डाळ, अंडी, मासळी, कोंबडी, दही यांतून प्रथिने मिळतात. पित्ताशय काढलेले असल्यामुळे तेलकट सालन, निहारी, बिर्याणी पहिले काही आठवडे जड जातात.

*औषधे.* दुखण्याची गोळी डॉक्टरांनी लिहिलेलीच आणि तेवढीच. गल्लीतल्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंड आणि पोट बिघडू शकते, आणि पॅरासिटामॉलही जास्त झाले तर लिव्हरला घातक ठरते. काढे, भस्मे, "लिव्हर साफ करणारी" चूर्णे नकोत. २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण अर्धे लिव्हर घेऊन बसलेल्या माणसाने या वादाची परीक्षा स्वतःवर घेऊ नये.

*ताबडतोब इस्पितळ.* ताप १००.४ च्या वर, डोळे पिवळे, वाढत जाणारी पोटदुखी, जखमेतून पू किंवा पिवळा-हिरवा स्राव, एकाच पोटरीला सूज, दम लागणे, थांबत नसलेल्या उलट्या, काळी शी. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. श्वास किंवा रक्तस्रावाचा प्रश्न असेल तर १०८ ला फोन करून जवळचे इस्पितळ गाठा. दात्याची फाइल पेशंटच्या फाइलपासून वेगळी आणि हाताशी ठेवा.

घरी सगळे ठीक वाटत असले तरी पहिल्या आठवड्याची, महिन्याची, तीन महिन्यांची, सहा महिन्यांची आणि वर्षाची तपासणी चुकवू नये. पुढे दरवर्षी एकदा रक्ततपासणी. मूल हवे असेल तर साधारण वर्षभर थांबून, डॉक्टरांना विचारून.

रोजीचा प्रश्न

बसून करायचे काम चार ते सहा आठवड्यांत सुरू होऊ शकते. रिक्षा चालवणे, हमाली, गवंडीकाम, जाळी ओढणे यांना तीन महिने धरावेत. एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना अवयव दिल्यास ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. म्हणजे शेजारच्या अणुशक्तीनगरातल्या कर्मचाऱ्याला ही सोय आहे. भिंतीपलीकडच्या रिक्षावाल्याला किंवा घरी शिलाई करणाऱ्या बाईला नाही. त्यांची कमाई शस्त्रक्रियेच्या दिवशी थांबते.

प्रत्यारोपणाचा खर्च खासगी इस्पितळात वीस लाखांच्या पुढे जातो. त्यासाठी घरे मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्ट, जमात, मशिदीतले चंदे असे दार-दार फिरतात. धर्मादाय इस्पितळांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्याचीही चौकशी करावी. आमची सूचना अशी, की हा हिशोब मांडताना दात्याच्या तीन महिन्यांच्या रोजीची, तपासण्यांची आणि येण्या-जाण्याची रक्कम वेगळी लिहा. जकात देणाऱ्यांनी आणि जमातींनीही ती वेगळी विचारावी.

मनाची जखम

शस्त्रक्रियेआधी दाता घराचा हिरो असतो. नंतर सगळे लक्ष पेशंटच्या रिपोर्टांकडे जाते आणि दात्याला एकटेपणा, चिडचिड, झोप न लागणे सुरू होते. पेशंटने पथ्य मोडले, पुन्हा दारूकडे वळला, तर "मी हे कशासाठी केले?" असा प्रश्न आतून पोखरतो. हे नाशुक्रेपण नव्हे. डॉक्टरांना सांगावे, समुपदेशकाची मदत घ्यावी.

सर्वांत कठीण वेळ म्हणजे पेशंट वाचला नाही तर. मय्यत उठते, घर माणसांनी भरते आणि टाके ओले असलेल्या दात्याकडे कुणाचे लक्ष राहत नाही. ती पत्नी असेल तर इद्दतीत बसते. उपचारासाठी बाहेर पडायला इद्दतीत मनाई नाही, हे घरातल्या मोठ्यांनी तिला स्वतःहून सांगावे आणि तपासणीला सोबत जावे. दुःखात असलेला माणूस तापही सांगत नाही. थर्मामीटर लावून बघावा लागतो.

डॉक्टरांना हे विचारा

• माझ्या पोटात किती टक्के लिव्हर उरेल?
• या केंद्रात आजवर किती दात्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या? त्यांच्यात कोणते त्रास झाले?
• माझी बाजू पाहणारा डॉक्टर पेशंटच्या डॉक्टरांपेक्षा वेगळा आहे का?
• मी नकार दिला तर पेशंटसाठी दुसरा मार्ग कोणता? मरणोत्तर दानाच्या यादीत त्याचे नाव आहे का?
• मला गुंतागुंत झाली तर तिचा खर्च कोण करेल? विम्यात दात्याचा खर्च धरला आहे का?
• रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?

शेवटी इयादतीबद्दल. पहिले तीन-चार आठवडे पेशंटला आणि दात्याला गर्दीपासून जपायचे असते. सर्दी-खोकला असलेल्याने तर दारातूनच परतावे. मग शेजाऱ्यांनी करायचे काय? सकाळी नळ आला की दात्याच्या घरच्या दोन कळशा भरून द्याव्यात. मुलांना शाळेत सोडावे. कमी तेलाचा डबा पाठवावा. मानखुर्दहून पुढे इस्पितळापर्यंत तपासणीला सोबत जावे. आणि फोन केला तर भाईजानची विचारपूस झाल्यावर एवढे जरूर विचारावे: "भाभी, तुमचे टाके कसे आहेत? ताप तर नाही ना?"